रूढी, व्यसन आणि कर्करोग : डॉ. खानोलकरांच्या संशोधनाचा वारसा

कर्करोग गरीब-श्रीमंत, जात-धर्म पाहत नाही, असे सर्रास म्हटले जाते. रोग कोणालाही होऊ शकतो, एवढ्यापुरतेच ते खरे आहे. कोणत्या समाजात कोणत्या अवयवाचा कर्करोग अधिक आढळतो आणि कोणाचा रोग वेळेत ओळखला जातो, याचा विचार सुरू केला की माणसाचे राहणीमान, व्यसन, पेहराव, विवाहाचे वय, रोजगार आणि रुग्णालयापर्यंतचे अंतर या साऱ्या गोष्टी रोगाच्या इतिहासात शिरतात. भारतात हा विचार शास्त्रीय पद्धतीने मांडणाऱ्यांमध्ये डॉ. वसंत रामजी खानोलकर यांचे नाव अग्रभागी आहे. भारतीय विकृतिशास्त्राचे जनक म्हणून ते ओळखले जातात. त्यांच्या प्रयोगशाळेतून सुरू झालेली शोधपरंपरा मुंबईहून बार्शीपर्यंत आणि तेथून मराठवाड्याच्या खेड्यांपर्यंत पोहोचली. जालना जिल्ह्यासारख्या भागातील कर्करोगाचे स्वरूप समजून घ्यायचे, तर या परंपरेची ओळख असणे आवश्यक आहे.

शिक्षण आणि जडणघडण

डॉ. खानोलकर यांचा जन्म १३ एप्रिल १८९५ रोजी गोमंतक मराठा समाजातील कुटुंबात झाला. वैद्यकशास्त्राच्या उच्च शिक्षणासाठी ते इंग्लंडला गेले आणि १९२३ मध्ये त्यांनी लंडन विद्यापीठाची विकृतिशास्त्रातील एम. डी. ही पदवी संपादन केली. मायदेशी परतल्यावर मुंबईच्या ग्रँट वैद्यकीय महाविद्यालयात आणि शेठ गोवर्धनदास सुंदरदास वैद्यकीय महाविद्यालयात त्यांनी विकृतिशास्त्राचे अध्यापन केले. रोगाने शरीराच्या ऊतींमध्ये घडवलेले बदल सूक्ष्मदर्शकाखाली तपासणे, हे विकृतिशास्त्रज्ञाचे नित्याचे काम. त्या काळी बहुतेक ठिकाणी ते निदानापुरतेच मर्यादित होते. खानोलकरांनी त्याला संशोधनाची जोड दिली.

२८ फेब्रुवारी १९४१ रोजी परळ येथे सर दोराबजी टाटा ट्रस्टच्या देणगीतून टाटा मेमोरियल रुग्णालय सुरू झाले. तेथील प्रयोगशाळा आणि संशोधन विभागाची धुरा खानोलकरांकडे आली. देशाच्या सर्व प्रांतांतून आणि सर्व समाजांतून रुग्ण येथे येऊ लागले. गुजराती व्यापारी, कोकणातून आलेला गिरणी कामगार, दख्खनचा शेतकरी, पारशी गृहिणी आणि उत्तर भारतातील मजूर एकाच रुग्णालयात येत होते. कर्करोगाच्या सामाजिक कारणांचा अभ्यास करू इच्छिणाऱ्याला एवढी विविधता अन्यत्र क्वचितच मिळाली असती.

एका गैरसमजाचे निराकरण

विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात पाश्चात्त्य वैद्यकात एक समजूत रूढ होती. कर्करोग हा प्रगत, शहरी संस्कृतीचा रोग असून उष्ण कटिबंधातील लोकांमध्ये तो विरळ आहे, असे मानले जाई. विश्वनाथ आणि ग्रेवाल यांनी १९३०च्या दशकात देशातील रुग्णालयांच्या नोंदी तपासून या समजुतीला पहिला धक्का दिला. खानोलकरांनी १९४५ मध्ये ‘इंडियन जर्नल ऑफ मेडिकल रिसर्च’ या नियतकालिकात भारतीयांच्या कर्करोगप्रवणतेविषयी लेख प्रसिद्ध केला. भारतीयांना कर्करोगापासून कोणतेही जन्मजात संरक्षण नाही, हे त्यांच्या मांडणीतून स्पष्ट झाले. युरोपात जठराचा, आतड्याचा आणि स्तनाचा कर्करोग ठळकपणे दिसे. भारतात मुख, घसा आणि गर्भाशयमुख यांचे कर्करोग प्रामुख्याने दिसत होते.

हा फरक वंशामुळे आहे की जीवनपद्धतीमुळे? खानोलकरांच्या पुढील संशोधनाचा हा केंद्रबिंदू ठरला. उत्तर शोधण्यासाठी त्यांनी दोन्ही दिशांनी प्रयत्न केले. डॉ. एल. डी. संघवी यांच्यासमवेत त्यांनी मुंबईतील सहा अंतर्विवाही गटांच्या रक्तगटांचा आणि अन्य आनुवंशिक लक्षणांचा अभ्यास केला. जातीबाहेर विवाह न करणाऱ्या समाजांमध्ये आनुवंशिक भेद किती असतात, हे मोजण्याचा भारतातील हा आरंभीचा प्रयत्न होता. त्याच वेळी रुग्णांच्या सवयींची बारकाईने नोंद घेण्याचे कामही सुरू होते.

धोतराच्या गाठीपासून खैनीपर्यंत

१९४५ मध्येच खानोलकर आणि सूर्याबाई यांनी ‘आर्काइव्ह्ज ऑफ पॅथॉलॉजी’ या अमेरिकन नियतकालिकात एक निबंध लिहिला. लोकांच्या चालीरीतींशी निगडित असलेले, भारतात आढळणारे कर्करोगाचे तीन नवे प्रकार, हा त्याचा विषय. ‘धोतराचा कर्करोग’ हे नाव वैद्यकात रूढ झाले ते या संशोधनामुळे. वर्षानुवर्षे कमरेला एकाच जागी धोतर आवळून बांधले की त्वचा घासली जाते, घाम साचतो, त्वचेचा रंग उडतो, खाज सुटते आणि जखम भरून येत नाही. अशा त्वचेवर कालांतराने कर्करोग उद्भवू शकतो. तंबाखू आणि चुना यांची खैनी खालच्या ओठाच्या आत धरून ठेवणाऱ्यांच्या नेमक्या त्याच जागी होणाऱ्या कर्करोगाकडेही खानोलकरांनी लक्ष वेधले.

अशा प्रकारच्या निरीक्षणाची परंपरा जुनी आहे. काश्मीरमध्ये थंडीपासून बचावासाठी अंगाशी धरलेल्या कांगडीमुळे पोटावर व मांड्यांवर होणारा कर्करोग एकोणिसाव्या शतकातच ज्ञात होता. आंध्रच्या किनारपट्टीवर चुट्ट्याचे जळते टोक तोंडात धरून ओढण्याची पद्धत आहे. तेथे टाळूचा कर्करोग आढळतो. खानोलकरांनी या सुट्या निरीक्षणांमागील समान सूत्र दाखवून दिले. कर्करोग कोठे होतो, हे पाहिले की तो कशामुळे होतो, याचा माग लागतो. सवय बदलता येते आणि म्हणून रोग टाळता येतो, हा त्यातून निघणारा आशादायी निष्कर्ष होता.

ही निरीक्षणे कालबाह्य झालेली नाहीत. धोतराचा वापर कमी झाला, तरी परकराची नाडी कमरेला घट्ट बांधणाऱ्या स्त्रियांमध्ये तशाच कर्करोगाची नोंद झाली आहे. २०२४ मध्ये वर्धा आणि बिहारमधील मधुबनी येथील डॉक्टरांनी अशा दोन रुग्णांची माहिती आंतरराष्ट्रीय वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध केली. नाडी सैल बांधणे आणि कमरेवरील न भरणारी जखम दुर्लक्षित न करणे, हा त्यावरील साधा उपाय.

तंबाखूचा पुरावा

धूम्रपान आणि फुप्फुसाचा कर्करोग यांचा संबंध सिद्ध करणारे महत्त्वाचे अभ्यास १९५० मध्ये इंग्लंड व अमेरिकेत प्रसिद्ध झाले. भारतात तंबाखू ओढण्याइतकीच, किंबहुना अधिक, चघळली जाते. त्यामुळे येथील प्रश्न वेगळा होता. संघवी, राव आणि खानोलकर यांनी १९५५ मध्ये ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये त्याचे उत्तर दिले. कर्करोगाचे रुग्ण आणि तो नसलेल्या व्यक्ती यांच्या सवयींची तुलना करून त्यांनी दाखवले, की तंबाखू चघळण्याचा संबंध मुखाच्या कर्करोगाशी, तर विडी ओढण्याचा संबंध जिभेच्या मुळाच्या व घशाच्या कर्करोगाशी अधिक आहे. सवय बदलली की रोगाची जागाही बदलते, हे आकडेवारीने प्रस्थापित झाले.

या अभ्यासाचा धागा पुढच्या पिढीने धरला. १९६६ पासून टाटा मूलभूत संशोधन संस्थेतील डॉ. फली मेहता आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी घरोघरी जाऊन मुखरोगाची पाहणी केली. पुणे जिल्ह्यातील एक लाखाहून अधिक ग्रामस्थांच्या तोंडाची तपासणी करून त्यांनी १९७२ मध्ये निष्कर्ष मांडले. डॉ. कस्तुरी जयंत, व्ही. बालकृष्णन, संघवी आणि डॉ. दाराब जस्सावाला यांनी १९७७ मध्ये दाखवले, की चघळणे आणि ओढणे या दोन्ही सवयी एकत्र आल्या की धोका नुसत्या बेरजेपेक्षा अधिक वाढतो. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने १९८५ मध्ये तंबाखूयुक्त विडा कर्ककारक ठरवला. २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रबंधात तंबाखूविरहित सुपारीही तिने त्याच वर्गात घातली.

महाराष्ट्रात हा विषय आजही जिव्हाळ्याचा आहे. २०१६-१७ च्या जागतिक प्रौढ तंबाखू सर्वेक्षणानुसार राज्यातील १५ वर्षांवरील २६.६ टक्के लोक कोणत्या ना कोणत्या स्वरूपात तंबाखू वापरत होते. धूम्रपान करणारे केवळ ३.८ टक्के होते. धूरविरहित तंबाखू वापरणारे मात्र २४.४ टक्के होते. मळलेली तंबाखू, गुटखा आणि स्त्रियांमध्ये रुजलेली मशेरी ही त्याची रूपे. राज्य शासनाने १ ऑगस्ट २००२ पासून गुटख्यावर बंदी घातली होती. २००४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती रद्द ठरवली. अन्नसुरक्षा कायद्याच्या आधारे २०१२ मध्ये पुन्हा बंदी आली. पानटपरीवर तिची अंमलबजावणी कितपत होते, हा वेगळा प्रश्न आहे.

धर्म, समाज आणि स्त्रियांचा कर्करोग

खानोलकरांच्या नोंदींतील एक निरीक्षण विशेष गाजले. मुंबईतील पारशी स्त्रियांमध्ये स्तनाचा कर्करोग अधिक, तर गर्भाशयमुखाचा कमी होता. हिंदू स्त्रियांमध्ये गर्भाशयमुखाच्या कर्करोगाचे प्रमाण मोठे होते. मुस्लिम स्त्रियांमध्ये ते त्या मानाने कमी दिसे. याची कारणे धर्मग्रंथांत नव्हती, तर समाजाच्या घडीत होती. विवाहाचे आणि पहिल्या बाळंतपणाचे वय, अपत्यांची संख्या, स्तनपान, पुरुषांची सुंता, पाण्याची उपलब्धता आणि घरची सांपत्तिक स्थिती या साऱ्यांचा त्यात वाटा होता. उशिरा विवाह आणि कमी अपत्ये यांमुळे स्तनाच्या कर्करोगाचा धोका वाढतो. अल्पवयातील विवाह आणि अनेक बाळंतपणे यांचा संबंध गर्भाशयमुखाच्या कर्करोगाशी आहे.

पुढील काळात या निरीक्षणांना नवा अर्थ लाभला. जर्मन शास्त्रज्ञ हाराल्ड त्सूर हाउसेन यांनी १९८३ मध्ये गर्भाशयमुखाच्या कर्करोगात मानवी पॅपिलोमा विषाणूचा प्रकार ओळखला. त्याबद्दल २००८ मध्ये त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. केवळ अस्वच्छता हे मूळ कारण नसून लैंगिक संबंधातून पसरणारा विषाणू ते आहे, हे सिद्ध झाले. मात्र सामाजिक कारणे त्यामुळे रद्द झाली नाहीत. विषाणूचा संसर्ग अनेकींना होतो आणि बहुतेकींचे शरीर तो परतवून लावते. संसर्ग टिकून राहिला, तर कर्करोग होण्यास अनेक वर्षे लागतात. या वर्षांत तपासणी झाली, तर रोग टळतो. तपासणी कोणाची होते आणि कोणाची होत नाही, हे पुन्हा समाजच ठरवतो.

संस्थांची उभारणी

खानोलकर संशोधक होते, तसेच संस्थांचे शिल्पकारही होते. १९४९ मध्ये स्थापन झालेल्या भारतीय विकृतिशास्त्रज्ञ व सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ संघटनेचे ते संस्थापक अध्यक्ष. १९५० ते १९५४ या काळात आंतरराष्ट्रीय कर्करोगविरोधी संघाचे अध्यक्षपद त्यांनी भूषवले. १९५२ मध्ये परळ येथे भारतीय कर्करोग संशोधन केंद्र सुरू झाले, त्याचे ते पहिले संचालक. १९६६ मध्ये हे केंद्र आणि टाटा मेमोरियल रुग्णालय एकत्र येऊन टाटा स्मारक केंद्र अस्तित्वात आले. कुष्ठरोगातील ऊतींच्या बदलांवरही त्यांनी मोलाचे संशोधन केले. १९६० ते १९६३ या काळात ते मुंबई विद्यापीठाचे कुलगुरू होते. पद्मभूषण आणि राष्ट्रीय प्राध्यापकपद हे सन्मान त्यांना लाभले. २९ ऑक्टोबर १९७८ रोजी त्यांचे निधन झाले.

त्यांच्या मार्गदर्शनाखाली १९४९ मध्ये पीएच. डी. मिळवणाऱ्या पुण्याच्या डॉ. कमल रणदिवे यांनी स्तनाच्या कर्करोगावर आणि आनुवंशिकतेवर मूलगामी काम केले. १९७३ मध्ये त्यांनी भारतीय महिला वैज्ञानिक संघटनेची स्थापना केली. आदिवासी मुलांच्या पोषणाचा अभ्यासही त्यांनी केला. सूक्ष्मदर्शकातून नजर वर करून समाजाकडे पाहण्याची वृत्ती त्यांच्यातही दिसते.

नोंद हाच पाया

रुग्णालयात येणाऱ्या रुग्णांवरून समाजातील रोगाचे प्रमाण काढता येत नाही, कारण जे रुग्णालयापर्यंत पोहोचतच नाहीत, ते हिशेबातून सुटतात. या अडचणीवर उपाय म्हणजे ठरावीक भूभागातील प्रत्येक कर्करोगाची नोंद ठेवणारी लोकसंख्याधारित नोंदणी. भारतातील अशी पहिली नोंदणी डॉ. जस्सावाला यांच्या पुढाकाराने भारतीय कर्करोग संस्थेने १९६३ मध्ये मुंबईत सुरू केली. पुढे पुणे (१९७२), औरंगाबाद (१९७८) आणि नागपूर (१९८०) येथे तिच्या शाखा निघाल्या. औरंगाबादची, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरची नोंदणी सुरू झाली, तेव्हा जालना हा त्याच जिल्ह्याचा भाग होता. १ मे १९८१ रोजी जालना स्वतंत्र जिल्हा झाला.

मात्र या नोंदण्या शहरांपुरत्या होत्या. देशातील पहिली ग्रामीण नोंदणी १९८७ मध्ये सोलापूर जिल्ह्यातील बार्शी येथे सुरू झाली. डॉ. भ. मा. नेने यांचे स्थानिक काम आणि टाटा स्मारक केंद्राच्या डॉ. कस्तुरी जयंत यांचे मार्गदर्शन यांतून ती उभी राहिली. बार्शी, परांडा आणि भूम या तालुक्यांतील ३४६ गावे तिच्या कक्षेत आली. येथे नोंदणी कर्मचारी रुग्णालयात बसून वाट पाहत नसत. ते गावोगाव जाऊन सभा घेत, लक्षणांची माहिती देत आणि संशयित रुग्णांना तपासणीसाठी आणत. नोंद ठेवता ठेवता लोकजागृती झाली आणि गर्भाशयमुखाचा कर्करोग घेऊन येणाऱ्या स्त्रिया आधीच्या तुलनेत लवकरच्या अवस्थेत येऊ लागल्या.

याच पायावर उस्मानाबाद, म्हणजे आजच्या धाराशिव जिल्ह्यात जगाचे लक्ष वेधणारा अभ्यास झाला. ३० ते ५९ वर्षे वयाच्या १,३१,७४६ स्त्रियांचा त्यात समावेश होता. ५२ ग्रामसमूहांची चार गटांत विभागणी करून तीन गटांत तीन वेगवेगळ्या तपासण्या करण्यात आल्या. चौथ्या गटात केवळ नेहमीची आरोग्यसेवा होती. विषाणूची तपासणी आयुष्यात एकदा केली, तरी गर्भाशयमुखाच्या कर्करोगाने होणारे मृत्यू जवळजवळ निम्म्याने घटतात, हा निष्कर्ष २००९ मध्ये ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये प्रसिद्ध झाला. जगभरच्या तपासणी धोरणांवर त्याचा प्रभाव पडला. चौथ्या गटातील स्त्रियांना तपासणी न देणे कितपत नैतिक होते, यावर पुढे तीव्र चर्चा झाली. गरीब स्त्रियांवर संशोधन करताना त्यांना लाभ कधी मिळणार, हा प्रश्न त्या चर्चेने पुढे आणला आणि तो आजही महत्त्वाचा आहे.

कमी आकडा, जड ओझे

राष्ट्रीय कर्करोग नोंदणी कार्यक्रमाचा २०२० चा अहवाल मराठवाड्याविषयी एक विलक्षण चित्र मांडतो. देशातील नोंदण्यांमध्ये कर्करोगाचे वयानुरूप प्रमाण सर्वांत कमी होते ते उस्मानाबाद आणि बीड जिल्ह्यांत : दर लाख पुरुषांमागे ३९.५ आणि दर लाख स्त्रियांमागे ४९.४. याच अहवालात मिझोराममधील ऐझॉल जिल्ह्यात पुरुषांचे प्रमाण २६९.४, तर अरुणाचल प्रदेशातील पापुमपारे जिल्ह्यात स्त्रियांचे प्रमाण २१९.८ होते. एकाच देशात चार ते सात पटींचा हा फरक केवळ रक्ताने स्पष्ट होणारा नाही. तंबाखू, आहार, संसर्ग, पर्यावरण आणि निदानाच्या सोयी यांचा शोध घेतल्याशिवाय त्याचा उलगडा होत नाही.

जालना जिल्ह्याच्या एका अंगाला संभाजीनगर, तर दुसऱ्या अंगाला बीड आहे. आकडा कमी म्हणून ओझे कमी, असे येथे मानता येत नाही. कोरडवाहू शेती, पोलाद आणि बियाणे उद्योगांतील मजुरी आणि हंगामी स्थलांतर ही या भागाची ओळख. बीडप्रमाणेच जालना जिल्ह्यातील अंबड, घनसावंगी, मंठा या तालुक्यांतूनही ऊसतोड मजूर दरवर्षी साखरपट्ट्यात जातात. सहा-सहा महिने गाव सोडून राहणाऱ्या स्त्रीची तपासणी गावातील आरोग्य केंद्राने कधी करावी? मुकादमाकडून घेतलेली उचल फिटेपर्यंत खाडा परवडत नाही आणि दुखणे अंगावर काढले जाते.

तपासणीअभावी भीती काय करू शकते, हे बीडने दाखवले आहे. ऊसतोड स्त्रियांवरील गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांची चौकशी करण्यासाठी २०१९ मध्ये नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमण्यात आली. पाहणी झालेल्या ८२,३०९ स्त्रियांपैकी १३,८६१ जणींचे गर्भाशय काढलेले आढळले. कर्करोग होईल ही धास्ती त्यामागील एक कारण म्हणून पुढे आली. साध्या तपासणीने ज्या शंकेचे निरसन झाले असते, तिच्यापोटी अनेकींनी तरुण वयात अवयव गमावला आणि वर कर्जही केले.

जालन्याच्या रुग्णांना विशेष उपचारांसाठी दीर्घकाळ सुमारे साठ किलोमीटरवरील छत्रपती संभाजीनगरच्या शासकीय कर्करोग रुग्णालयाचा आधार राहिला आहे. २०१२ मध्ये सुरू झालेले हे रुग्णालय पुढे राज्य कर्करोग संस्था म्हणून विकसित झाले. २०२४ मध्ये जालन्यातही शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाला मान्यता मिळाली. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटने तयार केलेली गर्भाशयमुखाच्या कर्करोगावरील स्वदेशी लस २०२३ मध्ये उपलब्ध झाली. साधने वाढत आहेत. ती कोणापर्यंत आणि केव्हा पोहोचतात, यावर पुढील काळातील विषमता ठरेल.

पद्धतीचे मोल

खानोलकरांच्या काळातील काही स्पष्टीकरणे नव्या शोधांनी बदलली. त्यांची पद्धत मात्र टिकली. रुग्ण काय काम करतो, काय खातो, काय चघळतो, कपडा कसा नेसतो, विवाह केव्हा झाला, किती दूरून आला, हे प्रश्न त्यांनी निदानाइतकेच महत्त्वाचे मानले. मराठवाड्यातील प्राथमिक आरोग्य केंद्रात येणाऱ्या प्रत्येकाला हे प्रश्न विचारले गेले आणि उत्तरांची नीट नोंद झाली, तर तोंडातील पांढरा चट्टा, भरून न येणारी जखम किंवा अवेळी होणारा रक्तस्राव यांकडे वेळीच लक्ष जाईल. बार्शीच्या गावसभांनी हे घडू शकते, हे दाखवून दिले आहे. जे बार्शीच्या ३४६ गावांत शक्य झाले, ते जालन्याच्या गावांत अशक्य मानण्याचे कारण नाही.